उतरलेला ताप

‘फक्त पॅरासिटामॉल,’ बायको म्हणाली, आणि त्याला एकदम ठसका लागला. तोंडात पाणी नव्हतं, चहा नव्हता. नुसता श्वासच आडवा गेला. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बायकोकडे. ‘दुसरं काही नाही? दुखण्यावरचं, सुजेवरचं, मुलांना देतात ते गोड औषध? कांजिण्या असताना ते आम्ही टाळायला सांगतो, म्हणून विचारते.’ ‘नाही,’ बायको म्हणाली. इतक्या स्वच्छ आवाजात, की क्षणभर त्यालाच वाटलं, खरंच दिलं नसेल. बाईंनी मान हलवली आणि काचेचं दार ढकलून त्या आत गेल्या. आत त्यांची पाच वर्षांची मुलगी होती. तिची उजवी मांडी सकाळी उघडून आतलं सडलेलं सगळं काढून टाकलं होतं, आणि तो पाय राहणार की जाणार, मुलगी राहणार की जाणार, हे अजून कुणीच सांगत नव्हतं. दार मागेपुढे हलत राहिलं आणि थांबलं. त्याला जे बोलायचं होतं ते तेवढ्यात राहूनच गेलं. आता बोलायचं म्हणजे उठून, दार ढकलून, परक्या माणसांसमोर बायकोला खोटं पाडायचं. तो खुर्चीत मागे टेकला. खुर्च्या एका लांब पट्टीवर एकत्र ठोकलेल्या होत्या. तो हलला की बायकोही थोडी हलली.

आपल्यासाठी खोटं बोलली, हा त्याचा पहिला विचार. बारा वर्षांच्या संसारात त्यानं तिला एकदाही धड खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. मोठे साहेब सहकुटुंब जेवायला आले होते, साहेबांच्या बायकोनं सोफ्याचं कौतुक केलं, तर ही म्हणाली, जुना घेतलाय हो, त्या कडेला बसू नका, तिकडचा पाय मोडका आहे. कुणाचं लग्न टाळायचं असलं की फोन त्यालाच करावा लागे, कारण हिच्या आवाजावरून शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. आणि आज हिला हे जमलं. त्याला भरून आलं. तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण तिनं दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यात गुंडाळून घेतले होते. मग त्या भरून येण्याखाली दुसरंच काही टोचायला लागलं. ती खोटं बोलली, म्हणजे काहीतरी झाकण्यासारखं आहे असं तिला वाटतं. म्हणजे तिच्या मनात निकाल लागलेला आहे. तिनं एकही शब्द न बोलता त्याला गुन्हेगार ठरवलंय, आणि वर त्याच्यावर मायेनं पांघरूण घातलंय. त्याला तिचा राग आला. मुलगी आत असताना आपल्याला असल्या गोष्टीचा राग येतो याची लाज वाटली, आणि तरी राग काही गेला नाही.

केशरी औषध त्यानंच आणलं होतं. कांजिण्या बालवाडीतून आल्या होत्या. निम्म्या वर्गाला होत्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की नखं कापा, पाणी भरपूर पाजा, फार तळमळली तर पॅरासिटामॉल द्या, आणि दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तर परत घेऊन या. साधं सांगणं. भिंगरी (घरात तिला भिंगरीच म्हणत, कारण ती जेवायलासुद्धा एका जागी बसत नसे) अंगभर फोड घेऊन पलंगावर लोळत होती आणि प्रत्येक फोडाला नाव ठेवत होती. पॅरासिटामॉलच्या पांढऱ्या औषधानं ताप उतरायचा, पण अर्धवट. एकशे तीनचा एकशे एक व्हायचा आणि तिथंच घुटमळायचा. हे घुटमळणं त्याला सहन होत नव्हतं. कामावरून येताना तो औषधांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, लहान मुलीसाठी जरा जोरदार काहीतरी द्या, पटकन उतरवणारं. दुकानदारानं विचारलं, कसला ताप आहे? मागे चार-पाच माणसं उभी होती. कांजिण्या म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात आणि आपल्याकडे असं बघतात, जणू आपणच खिशात घालून फिरतोय. तो म्हणाला, नेहमीचाच. दुकानदारानं बाटली दिली. ताप, अंगदुखी, सूज, तिन्हींवर चालतं म्हणाला. चव चांगली आहे, पोरं मागून घेतात.

आणि ते चाललं. काय चाललं! तासाभरात आकडा साडेअठ्ठ्याण्णव. भिंगरी उठून बसली, तिनं खायला मागितलं, भिंतीवर खडूनं मांजर काढलं आणि शिव्या खाल्ल्या. त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे आता त्या पट्टीवरच्या खुर्चीत बसून त्याला आठवलं. तो शीतगृहात पाळीप्रमुख होता. मोठमोठ्या बर्फगार खोल्या, त्यांत मटार, लोणी, मासे, आणि बाहेर एका फळ्यावर प्रत्येक खोलीचा लाल आकडा. उणे अठरा म्हणजे उणे अठरा. आकडा वर सरकला की त्याच्या मानेमागचे केस उभे राहत. पाळी नसली तरी घरून फोन करून तो एकच शब्द विचारायचा, ‘किती?’ कामगार त्याला पाठीमागे कितीसाहेब म्हणत. ते त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. हेही माहीत होतं, की त्याच्या फोनची वेळ झाली की एखादा बेरकी गडी आतला तापमान मोजणारा तारेचा तुकडा पंख्याच्या तोंडाशी नेऊन धरतो, म्हणजे साहेबांना सांगायला आकडा बरा मिळतो. दोनदा त्यानं स्वतः पकडलं होतं. नव्या पोरांना तो दरडावून शिकवायचा, अरे, फळा हवेचा आकडा दाखवतो, मालाचा नाही. खोक्यात तापमापकाची सुई खुपसून बघा, आत काय चाललंय ते. लोण्याच्या खोक्यात सुई खुपसायची अक्कल होती त्याला. पोटच्या पोरीच्या बाबतीत तो काखेतल्या आकड्यावर खूश झाला.

‘पाय चावतोय,’ असं ती कधी म्हणाली पहिल्यांदा? बहुतेक सकाळी, औषधाच्या आधी, अंथरुणात. मांडीवर एक फोड खाजवून फुटला होता आणि भोवती लाली होती. बायको म्हणाली, अहो, हा फोड इतरांसारखा दिसत नाही, दाखवून आणू या का? त्यानं थर्मामीटर तिच्यासमोर धरला. आकडा बघ आधी, तो म्हणाला. अठ्ठ्याण्णव. आत काही बिघडलं असतं तर ताप असता की नाही? डॉक्टरांनी काय सांगितलंय, ताप हटला नाही तर या. हटलाय. उगीच त्या गर्दीत नेऊन दुसरं काही घेऊन यायचं. त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नसे. कधीच येत नसे, हीच त्याची खोट होती. औषध पोटात गेलं की भिंगरी खरंच खेळायची, जरा लंगडत, पण खेळायची. लंगडतेस का, म्हणून विचारलं तर म्हणाली, मी म्हातारी झालेय. ते दोघं हसले. तो हसला होता. ते हसणं आता कुठून तरी ऐकू येत होतं आणि बंद होत नव्हतं. काल सकाळी तिला उठवायला गेला तेव्हा मांडी दुप्पट झालेली, जांभळी, आणि हात लावू देईना. ताप मोजला. शंभरच्याही खाली होता. म्हणजे काल सकाळीसुद्धा त्यानं आधी ताप मोजला, मुलीला उचललं नंतर.

समोरच्या भिंतीवर पाण्याचं यंत्र होतं. कुणीतरी पेला भरायला गेलं की ते घशातून आवाज काढायचं. पलीकडच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून झोपले होते. कामावरून फोन आला. पाच नंबरची खोली वर चढतेय, काय करू? ‘किती?’ तो म्हणाला, आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्यानं फोन कानापासून दूर केला. तुझं तू बघ, असं म्हणून त्यानं फोन बंद केला. बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळपासून तिनं त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ‘काही खाऊन घेतेस का?’ त्यानं विचारलं. ‘नको.’ ‘तू तसं का सांगितलंस त्यांना?’ हे त्यानं अगदी हळू विचारलं, ओठ न हलवता, चोर बोलतात तसं. तिनं पर्सच्या पट्ट्याचा आणखी एक वेढा घेतला. ‘काय सांगून काय होणारे आता,’ ती म्हणाली. ‘पाय बरा होणारे का?’ यावर त्याच्याकडे एकच उत्तर होतं. मला भीती वाटते, एवढंच, आणि ते बायकोला सांगायची सवय त्याला कधीच लागली नव्हती. तिला कसली भीती वाटते हे विचारायचीही नव्हती.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा उभ्या राहिल्या नाहीत. रिकाम्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टर बसला की बातमी वाईट असते, हे त्याला त्या क्षणी कळलं. ‘तिला लघवी होत नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘रक्तात विष पसरलं की मूत्रपिंडांवर ताण येतो, ते धरूनच चाललो होतो आम्ही. पण इतका नाही. तिची औषधं, सलाईन, सगळं त्यावर ठरवायचंय मला. पुन्हा विचारते, चिडू नका. मी कुणाला दोष द्यायला आलेले नाही. घरात दुसरं काही दिलं होतं?’ बायकोनं तोंड उघडलं. या वेळी तो तिच्या आधी बोलला. धाडस म्हणून नाही. तिच्या तोंडून ते ‘नाही’ परत ऐकणं त्याला शक्य नव्हतं म्हणून. ‘दिलं होतं. आयबुप्रोफेन. मी आणलं. मीच द्यायचो.’ घाम फुटला होता, आणि त्याचबरोबर कुठेतरी छान वाटत होतं, आपण सगळं अंगावर घेतोय, हिला सोडवतोय असं. ‘किती वेळा?’ ‘दिवसातून तीनदा. बाटलीवर लिहिलंय तेवढंच. एक थेंब जास्त नाही.’

‘सहा,’ बायको म्हणाली.

त्याला वाटलं, ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतेय. ती समोरच्या यंत्राकडे बघत बोलत होती, सपाट आवाजात, बाईंना सांगत होती की त्याला, ते कळत नव्हतं. ‘तीन हे द्यायचे. तीन मी. यांचा फोन यायचा कामावरून, किती म्हणून. जास्त सांगितलं की आवाज चढायचा. औषध दिलं नाहीस का, पट्ट्या ठेवल्या नाहीस का, तुला एवढंसुद्धा जमत नाही का. म्हणून फोन यायच्या आधी मी द्यायची. आकडा उतरायचा. मग मी सांगायची, अठ्ठ्याण्णव. मग बरं बोलायचे. घरी येऊन हे परत द्यायचे. तेव्हा मी काय म्हणू, मी दिलंय? यांनी बजावलं होतं, केशरी औषधाला तू हात लावू नकोस, तुझ्या हातून चूक होईल.’ ती जरा थांबली. ‘पाणी पीत नव्हती ती. तोंडात फोड होते. तेही सांगायची नाही मी यांना. खेळतेय ना, मग झालं.’ बाईंनी तो आकडा टिपून घेतला. मग म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत.’ आणि खिशातला फोन काढून आत कुणाला तरी भराभर काही सूचना दिल्या, आकडे होते त्यात, नळी, यंत्र असं काही होतं.

त्यानं विचारलं. न विचारून कुठे जाणार होता? ‘यामुळेच झालं का हे? पायाचं?’ बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्या त्याच्यापेक्षा लहान असाव्यात. ‘मूत्रपिंडांचं सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘अंगात पाणी कमी, त्यात ताप, त्यात हे औषध, तेही दुप्पट. त्यानं त्रास होतो, हे आम्हाला माहीत आहे. भरूनही येतं बऱ्याचदा, बघू. पायाचं नाही सांगता येत. कांजिण्यांत ज्या मुलांना हे औषध मिळालं त्यांच्यात असा जंतू मांसात शिरलेला जास्त वेळा दिसलाय, म्हणून आम्ही नको म्हणतो. पण ज्या पोराला जास्त दुखतंय, ज्याचा ताप जास्त आहे, त्यालाच आईबाप हे देतात ना? मग औषधामुळे झालं, की आत आधीच सुरू झालं होतं म्हणून औषध द्यावं लागलं? छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं, की दुखणं आणि ताप दोन्ही झाकले गेले. उशीर झाला. पण उशीर या औषधाशिवायही होतो लोकांना.’ त्या उठल्या. ‘आता परत ऑपरेशनला घेतोय तिला. सडणं वर सरकलं असेल तर पाय ठेवता येणार नाही. सही लागेल. दोघांपैकी कुणीही करा.’

सही त्यानं केली. हात थरथरला नाही, म्हणून त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग कळलं, की हात थरथरत नाही कारण आपल्याला बरं वाटतंय. खरंच बरं वाटत होतं. सकाळपासून छातीवर जे बसलं होतं ते उठून जरा बाजूला सरकलं होतं. तीन तिची. निम्मं तिचं. आणि पायाचं तर कुणालाच सांगता येत नाही, म्हणजे नसेलही. आणि असलं तर त्या जास्तीच्या तीनांमुळे असेल, बाटलीवर लिहिलेल्या तीनांमुळे नव्हे. हे सगळं त्यानं विचार करून केलं नाही, ते आपोआप झालं, हिशोब सुटावा तसं. आत पोरगी आहे, तिची मांडी उघडी आहे, थोड्या वेळानं कदाचित ती मांडीच नसेल, आणि मी इथे मोकळा श्वास घेतोय. स्वतःची इतकी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती. पण श्वास मोकळाच येत राहिला. त्याला तो थांबवता येईना. त्यानं मान वर केली तर बायको त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच, नीट, डोळ्यांत. बारा वर्षं ती त्याचा आवाज चढणार की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून आधी ओळखत आली होती. तिला आज वाचायला काही कठीण गेलं नसणार.

‘बरं वाटलं ना?’ तिनं विचारलं. रागानं विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, उलटून काहीतरी बोललाही असता. पण राग नव्हता. ‘हो,’ तो म्हणाला. तिनं मान हलवली, जणू दुकानात भाव विचारला होता आणि तो अपेक्षेइतकाच निघाला. ‘मला वाटलं होतं, तुम्ही मला माराल,’ ती म्हणाली. ‘मारलं असतं तर परवडलं असतं.’ त्यानं आजवर तिच्यावर हात उगारला नव्हता. त्याचाही त्याला अभिमानच होता. ‘मघाशी तू मला वाचवायला खोटं बोललीस, असं वाटलं मला,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला?’ ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, अगदी थोडं, आणि मग ते हसू रडण्यात कधी मिसळलं ते कळलं नाही. पलीकडचे म्हातारे गृहस्थ जागे झाले, त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, काढली आणि दुसरीकडे बघायला लागले.

काचेचं दार उघडलं. नर्स म्हणाली, ‘नेतोय आता. एकालाच आत येता येईल, दोन मिनिटं.’ बायको उठली, पर्स खुर्चीवर ठेवली. नर्सनं तिच्याकडे पाहिलं आणि जरा अवघडून म्हणाली, ‘ती बाबांना बोलावतेय.’ बायको उभीच राहिली. मग खाली बसली, पर्स मांडीवर घेतली आणि त्याला म्हणाली, ‘जा.’

आत खूप उजेड होता. भिंगरी पलंगावर इतकी लहान दिसत होती, की त्याला पहिल्यांदा वाटलं, चुकीच्या पलंगापाशी आलो. फोड सुकून काळे पडत चालले होते. हातात सुई, नाकात नळी, आणि कमरेखाली चादरीचा एक उंचवटा, एका बाजूला जास्त. त्यानं कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं. ‘बाबा,’ ती म्हणाली. आवाज कोरडा, दुसऱ्याच कुणाचा तरी. ‘किती वेळ लावलास. हे लोक नुसती सुई टोचतात. पाय चावतोय माझा.’ ‘हो राजा,’ तो म्हणाला. ‘आता डॉक्टर बघणारेत.’ ‘डॉक्टर नको. तूच दे. तू दिलं की थांबतं.’ पायाशी उभ्या असलेल्या माणसानं पलंगाच्या चाकांवरचा खटका पायानं सोडवला. नर्स म्हणाली, चला. भिंगरीनं त्याच्या शर्टाची बाही एका बोटानं धरली, डोळे मिटले आणि आ केला. पलंग हलला, बाही सुटली, तो दोन पावलं बरोबर चालला आणि मग त्याला थांबवलं. वळणावरून आत नेईपर्यंत तिनं तोंड तसंच उघडं ठेवलं होतं.